टिच बटणाची चकती कलम चाकूच्या मुठीला लागते, म्यानात काय बदल करावा?

रोपवाटिका_काटोलरोड

संत्र्याच्या रोपांवर डोळे भरायचा, म्हणजे कळी बसवून कलम करायचा, घडीचा चाकू आहे. त्यासाठी पट्ट्यात अडकवायचं चामड्याचं म्यान इथेच नागपुरात बनवून घेतलं. शिलाई एकसारखी आहे, चामडंही चांगलं आहे, पण टिच बटणानं मूठ खराब होऊन राहिली आहे.

मापं अशी. घडी केलेला चाकू १०२ मिमी लांब, २४ मिमी रुंद, १५ मिमी जाड. मूठ शिसमची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. म्यान उभं, खिशासारखं, चामडं ३ मिमी. मागच्या बाजूचं चामडंच वरून वळून पुढे झाकण म्हणून येतं. बटण १५ मिमीचं, म्यानाच्या तोंडापासून ३० मिमी खाली बसवलेलं. आत बोट घातलं की बटणाच्या मागची धातूची चकती चांगली हाताला लागते.

मुठीवर त्याच जागी उथळ खळगा पडला आहे. तिथून निघून, म्यानात आधी जाणाऱ्या टोकापर्यंत दोन बारीक समांतर ओरखडे आहेत. शिवाय पितळी टोपीवर आणि त्या चकतीवर हिरवट, मेणासारखा चिकट थर येतो. पुसला की आठवड्या-दोन आठवड्यांत परत.

विचारायचं हे की आतून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवला तर भागेल, की बटणाचीच जागा बदलावी? चुंबकाचं बटण लावलं तर? आणि हा हिरवा थर कशाचा? म्यान नवीन बनवायची तयारी आहे, पण आहे त्याच्यातच काम झालं तर बरं.

आरी_दोरा

भाऊ, तुम्ही खळगा आणि ओरखडे वेगवेगळे सांगितले ते फार बरं केलं, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाच उपायानं दोन्ही जात नाहीत. खळगा बटण दाबताना पडतो. ओरखडे चाकू आत-बाहेर करताना पडतात.

टिच बटणाचे चार भाग असतात. झाकणावर बाहेरून टोपी आणि आतून वाटी. म्यानाच्या पुढच्या अंगावर बाहेरून घुंडी आणि आतून चकती. या चकतीच्या मधोमध एक पोकळ नळी असते. ती चामड्यातून आरपार जाते आणि ठोकल्यावर तिचं तोंड घुंडीच्या आत बाहेरच्या बाजूला वळून घट्ट बसतं. म्हणजे चकती म्यानाच्या पोटात उघडीच राहणार. तुमच्या चाकूला लागते ती हीच.

आता बटण दाबताना काय होतं बघा. १५ मिमीच्या जाड बटणात वाटीच्या आत तारेचं गोल कडं असतं, ते घुंडीवर चढायला अंगठ्याचा चांगला जोर लागतो. त्या जोराला मागून टेका कशाचा? चकती, तिच्या मागे मूठ, मुठीमागे म्यानाचं मागचं अंग, आणि त्यामागे माणसाची कंबर. कंबर मऊ आहे, ती दबते, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. तो सगळा जोर १०-११ मिमीच्या चकतीतून मुठीत उतरतो. शिसम टणक लाकूड आहे, पण रोज वीस-पंचवीस वेळा एकाच जागी दाब बसला तर तेही दबतं.

दोन बारीक समांतर रेघा दिसतात यावरून माझा अंदाज असा की चकती सपाट बसलेली नाही, एका बाजूनं वर उचलली आहे. सपाट चकती घासली तर रुंद, गुळगुळीत चकाकी येते. बारीक रेघ म्हणजे धातूची कड किंवा कडेवरची कूस लागते आहे.

याची खात्री करून घ्या. मुठीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा, तिच्यावर कार्बन कागद, शाईची बाजू पांढऱ्या कागदाकडे, त्यालाही चिकटपट्टी लावा. चाकू आत घाला, बटण एकदाच दाबा, उघडा, चाकू काढा. काढताना थोडी रेघ उमटेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका, दाबाचा गडद ठसा बघा. पूर्ण गोल आला तर चकती सपाट आहे, फक्त उंच आहे. अर्धी कोर आली तर चकती तिरकी बसली आहे. मग बटण काढावंच लागेल.

आतून तुकडा चिकटवण्याबद्दल. ओरखडे थांबतात, खळगा थांबत नाही. ०.८ ते १ मिमीचं बकरीचं चामडं चकतीवर लावलं तर ते दोन-चार महिन्यांत चकतीच्या आकारात दबून कडक होतं आणि दाब पुन्हा तसाच खाली जातो. हंगाम सुरू आहे, म्यान हातचं सोडता येत नाही, तर तेवढ्यापुरतं जरूर करा. पण करायचं तर नीट करा: तुकडा ३० मिमी व्यासाचा, कड रापीनं (चामडं तासायच्या पात्यानं) चारी बाजूंनी ५-६ मिमी रुंदीत कागदासारखी पातळ तासलेली. कड जाड राहिली की चाकू घालताना तीच अडते आणि उचकटते. म्यानाची आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, तेल-मेण असेल तर ॲसिटोननं पुसा. मग फेविकॉल एसआर ९९८ दोन्ही पृष्ठभागांवर पातळ, १०-१५ मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून बसवा. ओलं असताना जोडलं तर ते आत सुकतच नाही आणि तुकडा सरकतो. उन्हाळ्यात नागपूरच्या ४५ अंशात बंद गाडीत म्यान राहिलं तर रबरी डिंक मऊ पडतो, हे धरूनच चाला.

पाठीमागे चिकटपट्टी असलेला फेल्ट किंवा मखमल लावू नका. त्यात माती आणि वाळूचे कण अडकतात, आणि रोपवाटिकेत मातीला तोटा नाही. महिनाभरात तो तुकडा पॉलिश पेपरचं काम करू लागतो.

कायमचा उपाय म्हणजे चकती म्यानाच्या पोटात येऊच न देणं. घुंडी वेगळ्या छोट्या पट्टीवर बसवायची आणि ती पट्टी म्यानाच्या पुढच्या अंगावर बाहेरून शिवायची. चकती पट्टी आणि म्यान यांच्यामध्ये अडकून राहते. आत फक्त चामडं. कार्बनचा ठसा काय येतो ते कळवा, मग मापांसकट लिहितो.

पितळी_कड

आरी_दोरा यांनी सांगितलेलं कारण बरोबर आहे. मी फक्त चुंबकाबद्दल आणि बटणाच्या मापाबद्दल लिहितो.

चुंबकाचं बटण या कामाला नको. पर्समध्ये लावतात त्या चुंबकी बटणाला मागून दोन पत्र्याचे पाय असतात. ते चामड्यातून आत घालून बाजूला वाकवायचे असतात. म्हणजे गोल चकतीऐवजी आत दोन धारदार पाय, मुठीला आणखी वाईट. दुसरं म्हणजे चाकूला धार लावल्यावर पोलादाचा जो बारीक चुरा पात्यावर राहतो तो चुंबकाभोवती गोळा होतो आणि तोच पुन्हा मुठीला घासतो. तिसरं, झाडाच्या फांदीत किंवा वाफ्यावर वाकताना झाकण बाजूनं सरकलं की चुंबक सुटतो. ओढायला तो घट्ट असतो, पण सरकवायला सोपा.

मापाचं म्हणाल तर १०० ग्रॅमच्या आसपासच्या चाकूला १५ मिमीचं कड्याचं बटण गरजेपेक्षा जड आहे. १२.५ मिमीचं बटण पुरतं. त्यातही दोन जाती मिळतात. एकीच्या वाटीत गोल तारेचं कडं असतं, दुसरीत इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली तार. एस तारेचं बटण हलक्या दाबानं लागतं आणि हलक्या हातानं सुटतं. दाब कमी झाला की मुठीवरचा मार आपोआप कमी. मात्र एस तारेची नळी सहसा आखूड असते, ३ मिमी चामड्याला पुरत नाही. म्हणून ते पातळ पट्टीवरच बसवावं लागतं. वर सांगितलेल्या वेगळ्या पट्टीच्या उपायाशी ते छान जुळतं.

बटण घेताना खिशात छोटा चुंबक ठेवा. बटणाला चिकटला तर ते लोखंडी आहे, वरून नुसता मुलामा. झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्यात लोखंड ओलं झालं की सालीतून चामड्यात उतरलेल्या टॅनिनशी मिळून निळसर काळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. पितळी किंवा स्टेनलेसचं घ्या. इतवारीत बॅग-चपलांचं सामान मिळतं तिथे पितळी मागितलं तर देतात, पण मुलाम्याखाली काय आहे ते चुंबकानंच कळतं.

जंबेरी_खुंट

हिरव्या थराबद्दल मी सांगतो.

पितळेत तांबं असतं. चामडं मऊ ठेवायला त्यात जे तेल, चरबी मुरवलेली असते तिच्यातली आम्लं तांब्याशी मिळतात आणि तो हिरवा, मेणासारखा थर तयार होतो. ओल असली की वेग वाढतो. जून ते सप्टेंबर म्यानात चाकू राहिला तर हे होणारच. ही लागण पितळाचीच नाही तर तेलाचीही आहे, म्हणून म्यानाला खोबरेल किंवा सरसूचं तेल चोपडायचं बंद करा. खाण्याची तेलं चामड्यात खवट होतात, त्यांची आम्लता वाढते आणि थर आणखी येतो. म्यान मऊ पडून बटणाच्या भोवतालचं चामडंही ताणतं. वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचं पातळ मलम बाहेरून लावलं की पुरे.

पण कलम चाकूच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि मला तर तेच मुख्य वाटतं. डोळे भरताना एका मातृवृक्षावरून (ज्या झाडाचे डोळे घेतात ते) दुसऱ्यावर जाताना चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, १ ते २ टक्के द्रावणात बुडवतात. व्हायरॉइडसारखे (विषाणूहूनही लहान) रोगकारक पात्यावरून पसरतात, म्हणून ते करायलाच हवं. नुसतं अल्कोहोल व्हायरॉइडवर भरवशाचं नाही. मात्र ते द्रावण पितळाला, पोलादाला आणि चामड्याला, तिन्हींना खातं. बुडवून झटकून तसाच चाकू म्यानात गेला तर पितळी टोपीच्या आणि लाकडाच्या सांध्यात द्रावण शिरतं, तिथून चकतीला लागतं. पितळावर बारीक खड्डे दिसत असतील तर ते नुसत्या तेलाचे नाहीत.

क्रम असा ठेवा. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर १ भाग द्रावण आणि ३ भाग पाणी, म्हणजे १ टक्का होतं. ते रोज ताजं करायचं, कारण उन्हात आणि रोपाचा रस मिसळल्यावर त्याची ताकद उतरते. फक्त पातं बुडवा, मूठ नाही. लगेच साध्या पाण्याच्या दुसऱ्या डब्यात बुडवा, सुती फडक्यानं पुसा, मग कामाला लावा. दिवसाचं काम संपलं की पातं उघडं ठेवून वाळवा, खिट्टीच्या जागी मशीन तेलाचा एकच थेंब टाका आणि चाकू रात्री म्यानाबाहेर ठेवा. म्यान हे नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. हायपोक्लोराइटच्या डब्यात संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं कुठलंही आम्ल चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू निघतो.

आणि म्यानाच्या तळाशी, शिलाईच्या आतल्या अंगाला ५ मिमीचं एक भोक पाडून घ्या. पाणी निथळतं, माती झटकता येते. कलम चाकूच्या म्यानाला हे भोक नसणं मला फार खटकतं.

रोपवाटिका_काटोलरोड

सगळ्यांचे आभार. कार्बन कागदानं बघितलं. अर्धी कोरच आली, खालच्या बाजूला गडद. चुंबक बटणाला चिकटतो, म्हणजे लोखंडी आहे. पितळी टोपीवर सांध्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत, द्रावणाचंच काम दिसतं. तळाला भोक नाही, ते पाडून घेतो.

आरी_दोरा दादा, मग बटण काढायचं कसं आणि पट्टीची मापं काय? बाजूची शिलाई उसवावी लागेल का?

आरी_दोरा

अर्धी कोर म्हणजे चकती तिरकी. याची दोन कारणं असतात. नळी चामड्याच्या मानानं लांब असली की ठोकताना ती सरळ वळायच्या ऐवजी एका बाजूला वाकते. किंवा ठोकताना चकतीखाली सपाट ऐरण नव्हती, टोपीसाठी असते ती खोलगट ऐरणच ठेवली होती. दोन्हीत चकती एका अंगाला उठते.

काढायचं असं. म्यानाच्या आत चाकूच्या जाडीची लाकडी फळी सारा, म्हणजे ड्रिल आरपार जाऊन मागचं चामडं भोसकणार नाही. बाहेरून घुंडीच्या मध्यात नळीचं वळलेलं तोंड दिसतं. तिथे ५ मिमीचं ड्रिल अगदी हळू वेगानं लावा. फक्त वळलेली कड कापायची आहे, खोल जायचं नाही. घुंडी फिरायला लागली तर पक्कडीनं धरा, नाहीतर ती चामड्यात घासून भोक मोठं करते. कड कापली की घुंडी हातात येते आणि चकती आत पडते. लोखंडाचा कीस ब्रशनं पूर्ण झाडा, चामड्यात राहिला तर पहिल्या पावसात काळे ठिपके पडतील. डाग पडलाच असेल तर ताज्या लिंबाचा रस कापसानं लावा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा.

शिलाई उसवावी लागेल, पण सगळी नाही. तोंडापासून खाली साधारण ६० मिमी एका बाजूनं उसवा. पुढचं अंग बाहेरच्या बाजूला उघडलं की सुई फिरवायला जागा होते. उसवताना दोरा प्रत्येक तिसऱ्या टाक्यावर कापून ओढा, भोकं तीच वापरायची आहेत.

पट्टीचं माप ३२ मिमी रुंद, ३६ मिमी उंच, चामडं २ मिमीचं, सालीनं कमावलेलं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं इथे नको. ते ताणतं आणि बटण ओढलं की पट्टी मधून उचलली जाते. कोपरे गोल करा. मध्यात बटणाच्या नळीच्या मापाचं भोक पाडा. भोक नळीपेक्षा मोठं झालं तर चकती हलते आणि पुन्हा तिरकी बसते, म्हणून आधी रद्दी तुकड्यावर पाडून बघा.

नळीची लांबी हाच या कामातला नेम चुकायचा मुख्य मुद्दा आहे. पट्टीतून वर आल्यावर नळी सुमारे ३ मिमी दिसायला हवी, घुंडी ठेवायच्या आधी. ५ मिमी दिसली तर ती वाकणार. तेव्हा चकती आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ चामड्याचा वॉशर घालून जाडी भरून काढा. दीड-दोन मिमीच दिसली तर वळणच धरणार नाही, जोरात ओढलं की सुटेल. सपाट ऐरणीवर चकती ठेवा, नळी वर, तिच्यावर पट्टी, पट्टीवर घुंडी, आणि ठोकणी अगदी उभी धरून तीन-चार हलके घाव. एकच जोराचा घाव घातला की नळी फाटते. बोटांनी घुंडी फिरवून बघा. फिरली तर आणखी एक हलका घाव. चकतीच्या कडेवर नखानं कूस लागली तर ६०० नंबरनं घासून टाका, ती आत झाकली जाणार असली तरी.

पट्टीच्या मागच्या बाजूला, चकतीच्या जागी चामडं थोडं खोल करून घेतलं तर उत्तम. पंचनं ११ मिमीचं वर्तुळ अर्धा मिमी खोल दाबून घ्या आणि आतला थर रापीच्या टोकानं सोला. चकती त्यात बसते आणि पट्टी म्यानाला सपाट टेकते. पट्टी २ मिमीचीच आहे, तेव्हा अर्ध्या मिमीपेक्षा जास्त सोलू नका. हे करणार असाल तर नळीची लांबी सोलल्यानंतर मोजा. आधी मोजली तर ती लांब पडते आणि पुन्हा तिरक्या चकतीचा प्रश्न.

म्यानातलं जुनं भोक त्याच मापाच्या चामड्याच्या गोळीनं बुजवा, दोन्ही बाजूंना रबरी डिंक. आतून ते रापीनं आणि पॉलिश पेपरनं सपाट करा. नवी घुंडी बरोबर या बुजवलेल्या भोकावर आणू नका. तिथे चामडं कमकुवत असतं, दाब आत उतरतो. पट्टी ६-७ मिमी वर किंवा खाली सरकवा.

मग पट्टी बाहेरून चिकटवा आणि चारी बाजूंनी कडेपासून ३ मिमी आत, ४ मिमी अंतरावर दुहेरी सुईचे टाके. दोरा ०.८ मिमी, मेण लावलेला. आतल्या बाजूला टाके उठून राहू नयेत म्हणून शिवायच्या ओळीवर आतून रापीनं उथळ चर पाडा आणि शिवल्यावर हातोडीनं हळू ठोकून दोरा चरात बसवा. पट्टीला रिव्हेट मारायचा मोह आवरा, रिव्हेटलाही मागे डोकं असतंच.

पितळी_कड यांनी सांगितलेलं १२.५ मिमीचं एस तारेचं बटण यात बसवलं तर मुठीवर येणारा दाब बराच उतरेल. मला ती जोडी पसंत आहे. तरी दाबताना एक सवय लावा: तळहात म्यानावर ठेवून अंगठ्यानं सरळ आत ढकलण्यापेक्षा झाकणाची कड बोटांत धरून जरा बाहेर आणि खाली ओढत टेकवा, म्हणजे कड्याची एक बाजू आधी चढते आणि अर्ध्या जोरात बटण लागतं. उघडतानाही खालच्या कडेनं उचला, आडवं ओढू नका.

लाकूडकाम_महाल

मुठीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

खळगा आणि ओरखडा यांचं लाकडात वेगळं असतं. खळग्यात लाकूड दबलेलं आहे, ते वाफेनं पुष्कळसं वर येतं. ओरखड्यात तंतू तुटले आहेत, ते वाफेनं येत नाहीत, घासूनच काढावे लागतात. म्हणून आधी वाफ, मग घासणं. उलटं केलं तर खळगा वर आल्यावर तिथे टेकाड दिसेल.

मुठीवर व्हार्निशचा थर असेल तर त्या जागी तो आधी ३२० नंबरनं काढा, नाहीतर पाणी आत जाणारच नाही. सुती कापडाची घडी ओली करून पिळा, फक्त खळग्यावर ठेवा आणि सोल्डरिंगच्या गरम टोकानं किंवा इस्त्रीच्या टोकानं पाच-सात सेकंद टेकवा. उचला, बघा, गार होऊ द्या. तीन-चार वेळा पुरतं. एका वेळी जास्त ठेवू नका. मुठीच्या पट्ट्या बहुतेक वेळा इपॉक्सीनं चिकटवलेल्या असतात आणि साधारण ६० अंशांच्या वर ती मऊ पडायला लागते. पितळी टोपी जवळ असेल तर ती उष्णता लगेच ओढून सांध्यात नेते, म्हणून टोपीवर ओलं फडकं गुंडाळून ठेवा. आणि हे फक्त लाकडाला. हाडाच्या मुठीला वाफ दिली तर ती तडकते.

पूर्ण वाळायला एक रात्र द्या. मग ३२०, ४००, ६०० या क्रमानं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. आडवं घासलं की शिसमच्या गडद रंगात प्रत्येक रेघ दिसते. शेवटी जवसाचं तेल, कच्चं नाही तर उकळलेलं. बोटभर फडक्यानं पातळ हात द्या, १५ मिनिटांनी जास्तीचं पूर्ण पुसा, एक दिवस वाळवा. असे तीन हात. तेलाचं ते फडकं बोळा करून फेकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच पाण्यात भिजवून किंवा मोकळं पसरून वाळवा. तेल पूर्ण सुकल्याशिवाय चाकू म्यानात नको, नाहीतर तेच तेल हिरव्या थराला खाऊ घालाल.

पितळी टोपीवरचा हिरवा थर आधी बांबूच्या काडीनं आणि फडक्यानं काढा. खड्डे खोल असतील तर पूर्ण जाणार नाहीत, त्यासाठी टोपी पातळ करू नका. १०००, १५००, २००० नंबरचा पाणी-पेपर आणि मग ब्रासो. लाकडाच्या सांध्यावर चिकटपट्टी लावूनच ब्रासो वापरा, लाकडाच्या छिद्रात शिरलं की पांढरे ठिपके राहतात. शेवटी टोपीवर मेणाचा पातळ हात दिला तर चामड्याचा थेट स्पर्श टळतो.

रोपवाटिका_काटोलरोड

पट्टी कापून त्यावर १२.५ चं पितळी बटण बसवलं, चकती आता सपाट आहे. अजून शिवली नाही. जागी धरून बघतो तर चाकू आत असताना झाकण ३-४ मिमी कमी पडतं. झाकणावर जुन्या टोपीचं भोकही आहे. झाकण ओलं करून ताणावं का?

आरी_दोरा

ताणू नका. सालीचं चामडं ओलं करून ताणलं तर वळणाच्या जागी पातळ होतं, आणि वाळल्यावर थोडं परत आकसतं, मग बटण कायम ओढलेलं राहतं. ओढलेलं झाकण चाकूच्या वरच्या टोपीवर दाब देतं आणि तिथे नवीन घासणं सुरू होतं.

कमी पडायचं कारण पट्टीची जाडी. पुढची बाजू २ मिमी बाहेर आली, झाकणाला तेवढा जास्त वळसा घ्यावा लागतो. पट्टी अजून शिवलेली नाही हे बरं झालं. ती तुम्ही जुन्या भोकाच्या खाली धरली असणार, ती वर घ्या. घुंडी जुन्या भोकाच्या ६-७ मिमी वर आली की झाकण पुरेल, वर थोडी ढीलही राहील.

जुन्या टोपीचं भोक १५ मिमीच्या बटणाचं आहे, ते १२.५ च्या टोपीला मोठं पडेल. टोपी तशीच बसवली तर हलेल. झाकणाच्या आतून १ मिमी जाड, २५ मिमी व्यासाचा, कड तासलेला तुकडा चिकटवा आणि भोवती एक गोल शिवण घाला. मग नवं भोक त्या दुहेरी चामड्यात पाडा, जुन्या भोकाशी केंद्र जुळलं तरी चालतं, कारण आतलं नवं चामडं नळीला धरून ठेवतं. इथे एकूण जाडी ४ मिमी होते आणि एस तारेच्या टोपीची नळी त्याला पुरणार नाही. झाकणाचा तो गोल आतून रापीनं आधी २ मिमीपर्यंत उतरवा, म्हणजे तुकड्यासकट ३ मिमी. तरी नळी ३ मिमी बाहेर दिसली नाही तर लांब नळीची टोपी मागा, त्या मापातही मिळते. टोपी ठोकताना खोलगट ऐरण, नाहीतर तिचा घुमट चपटा होतो.

नव्या भोकाची जागा मोजून काढू नका. पट्टी शिवून झाल्यावर चाकू आत घाला, घुंडीच्या डोक्याला शाईचा ठिपका लावा, झाकण सहज, न ओढता खाली आणून अंगठ्यानं टेकवा. ठसा उमटेल तिथून १ मिमी कडेच्या दिशेनं सरकून भोक पाडा. हा १ मिमी चामडं पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं त्यासाठी. चाकू आत नसताना ही खूण केली तर ती ४-५ मिमी चुकते.